'यप्पी' कोणाला म्हणायचं, आणि हा शब्द आला कुठून?

प्रश्न असा आहे: ऐंशीच्या दशकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांत आणि मासिकांत सारखा भेटणारा 'यप्पी' म्हणजे नेमका कोण? तो हिप्पीचा भाऊबंद की अगदी दुसरं टोक? आणि आपल्याकडच्या आयटीतल्या पोरापोरींना यप्पी म्हटलेलं चालेल का? कोशाच्या आणि भाषांतराच्या कामात या शब्दाशी माझी बरीच झटापट झाली आहे, तेव्हा जरा ऐसपैस लिहितो.

आधी सरळ अर्थ. यप्पी म्हणजे मोठ्या शहरात राहणारा, चांगलं शिकलेला, वकिली, बँकिंग, शेअर दलाली, जाहिरात, सल्लागारी अशा पेशात भरपूर कमावणारा आणि ती कमाई हात न आखडता स्वतःवर खर्च करणारा तरुण किंवा तरुणी. वय साधारण पंचवीस ते चाळीसच्या आत. 'यंग अर्बन प्रोफेशनल' या तीन शब्दांची आद्याक्षरं घेतली की 'यप' होतं, त्याला मागे चेष्टेचं शेपूट लागलं आणि यप्पी झाला. काही जण मधल्या अक्षराचा विस्तार 'अर्बन' असा न करता 'अपवर्डली मोबाइल', म्हणजे वरच्या पायरीकडे निघालेला, असा करतात. हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. एका विस्तारात माणूस राहतो कुठे हे महत्त्वाचं, दुसऱ्यात तो निघालाय कुठे हे. शब्दाचा सगळा इतिहास म्हणजे पहिल्या अर्थाकडून दुसऱ्याकडे झालेली घसरण आहे, असं माझं मत.

पण एवढ्यावर थांबलात तर शब्द कळला असं मी म्हणणार नाही. यप्पी हा नेहमी दुसरा असतो. 'मी यप्पी आहे' असं कोणी अभिमानाने म्हटलेलं क्वचितच सापडतं. सापडलं तरी ते हसत हसत, स्वतःचीच फिरकी घेत म्हटलेलं. शेजारच्या इमारतीत नव्याने राहायला आलेला, ज्याच्यामुळे आपलं भाडं वाढलं, तो यप्पी.

व्युत्पत्तीकडे वळताना एक सावधगिरी. आद्याक्षरांवरून सांगितलेल्या व्युत्पत्त्यांकडे मी संशयानेच बघतो. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ ही व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट साफ खोटी आहे. हॉटेलात ठेवायच्या 'टिप'ची तशीच एक गोष्ट सांगतात, तीही खोटी. आद्याक्षरं जोडून शब्द पाडायची पद्धत विसाव्या शतकाआधी फारशी नव्हतीच, त्यामुळे जुन्या शब्दाला असा विस्तार चिकटवलेला दिसला की तो नंतर रचलेला आहे असं समजायला हरकत नाही. रडार, लेझर हे मात्र खरोखर तसे बनलेले शब्द. यप्पीही त्याच पंक्तीत बसतो. फक्त तो निव्वळ आद्याक्षरांतून आलेला नाही. हिप्पी होता, त्यानंतर यिप्पी आला (त्याची गोष्ट पुढे येते), महागड्या खासगी शाळांतल्या मुलांना 'प्रेपी' म्हणत होते. कानाला हा साचा आधीच सवयीचा होता, अक्षरं त्यात ओतली गेली. साचा नसता तर 'वायूपी' असलं काहीतरी झालं असतं आणि ते कोणी दुसऱ्यांदा उच्चारलंही नसतं.

छापील पुरावा मे १९८० चा आहे. 'शिकागो' नावाच्या मासिकात डॅन रॉटनबर्ग या पत्रकाराने शहराच्या तथाकथित पुनरुज्जीवनावर एक लेख लिहिला होता. शिकागोच्या मध्यभागी, उन्नत रेल्वेच्या वेढ्यात सापडलेला जो व्यापारी भाग आहे त्याला 'लूप' म्हणतात. या लूपपासून दोन मैलांच्या आत गेल्या दहा वर्षांत सुमारे २०,००० नवी घरं बांधली गेली, ती या यप्पींसाठी, असं त्याने नोंदवलं. आणि हे यप्पी कोण? तर आईबापांच्या उपनगरी, कंटाळवाण्या राहणीविरुद्ध बंड करणारे तरुण. त्यांना आराम नको, सुरक्षितता नको. त्यांना चैतन्य हवं आहे आणि ते शहराच्या सगळ्यात दाट भागातच मिळतं, असा त्याचा रोख होता.

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याला 'उपनगर' म्हटलं की बोरिवली-डोंबिवली आठवते आणि गफलत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतला गोरा मध्यमवर्ग मोठ्या संख्येने शहर सोडून बाहेर गेला: स्वतंत्र घर, हिरवळीचा तुकडा, दारात गाडी, मुलांना बरी शाळा. शहराच्या पोटात उरले ते गरीब, कृष्णवर्णीय, नव्याने आलेले स्थलांतरित आणि बंद पडत चाललेले कारखाने. १९४६ ते १९६४ या काळात तिथे जन्मदर उसळला होता. त्या लाटेची पहिली मुलं १९८० च्या सुमारास पंचवीस-तिशीत पोहोचली. ती कॉलेजात गेलेली, लग्न लांबवणारी, आणि बाईच्या हातातही पगार असलेली अशी पहिलीच मोठी पिढी. या मुलांनी उलटा प्रवास सुरू केला. आईबाप जे सोडून पळाले होते तिथेच ती राहायला आली, जुन्या छापखान्यांच्या आणि गोदामांच्या इमारतींत घरं करून. तेव्हा शब्दाच्या पहिल्या नोंदीत पैशाचा मुद्दा मागे आहे आणि पत्त्याचा पुढे. रॉटनबर्गनेच पुढे २०१५ मध्ये सांगितलं की शब्द त्याने घडवलेला नाही. तो लोकांच्या तोंडून ऐकलेला होता आणि तेव्हा त्याला ती लोकसंख्येच्या अभ्यासातली एक साधी, निर्विष संज्ञा वाटली होती.

जनकपदाचे इतरही दावेदार आहेत. जोसेफ एपस्टाइन या निबंधकाराला १९८२ साठी श्रेय दिलं जातं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या परिसरात निघणाऱ्या एका साप्ताहिकात ॲलिस कान या विनोदी लेखिकेने १९८३ मध्ये यप्पींची खिल्ली उडवली आणि शब्द आपला असल्याचा दावा केला. कोशकाराला या भांडणात फारसा रस नसतो. पहिली छापील नोंद आणि पहिला उच्चार या दोन वेगळ्या गोष्टी. पहिली सापडते, दुसरी बहुतेक वेळा सापडत नाही. एकाच साच्यातून एकच विनोद तिघाचौघांना स्वतंत्रपणे सुचणं यात नवल काहीच नाही.

शब्द खरा पेटला तो मात्र एका माणसामुळे, आणि ही कहाणी मला सगळ्यात आवडते.

१९६७ च्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये ॲबी हॉफमन याच्या घरी काही युद्धविरोधी, खट्याळ मंडळी जमली होती. हिप्पी नुसते फुलं माळून बसतात, राजकारण करत नाहीत. आपण दोन्ही करू, असा त्यांचा बेत. त्यातल्या पॉल क्रासनरला 'यिप्पी!' हा शब्द सुचला, आपण आनंदाने 'हुर्रे' ओरडतो तसा. (बाजारात मिळणाऱ्या नूडल्सच्या पाकिटावर हीच आरोळी आहे; क्रांतीशी तिचा संबंध नाही.) शब्द झकास होता, पण वर्तमानपत्रांना नुसती आरोळी देऊन चालणार नाही, काहीतरी भारदस्त नाव हवं, म्हणून 'यूथ इंटरनॅशनल पार्टी' असा विस्तार मागाहून बसवला. म्हणजे यिप्पीत शब्द आधी आणि आद्याक्षरं नंतर. यप्पीत आद्याक्षरं आधी. कानाला जुळी भावंडं वाटणारे हे दोन शब्द उलट्या वाटांनी जन्मले आहेत.

यिप्पींचे उद्योग जगभर गाजले. स्थापनेच्या काही महिने आधीच, ऑगस्ट १९६७ मध्ये, हॉफमन आणि त्याच्या साथीदारांनी न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या प्रेक्षक सज्जातून खाली डॉलरच्या नोटा उधळल्या होत्या आणि खालचे काही दलाल त्या गोळा करायला धावले होते. १९६८ मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा त्यांनी एक डुक्कर अध्यक्षपदासाठी उभं केलं. त्या अधिवेशनाबाहेरच्या राड्यावरून ज्यांच्यावर कटाचा खटला चालला त्यांत हॉफमन होता आणि यिप्पींचा दुसरा म्होरक्या जेरी रूबिनही होता.

हाच रूबिन १९८० मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या एका दलाली पेढीत नोकरीला लागला. ज्या बाजाराची टर उडवण्यात पिढी घडली, त्याच बाजारात. पुढे तो न्यूयॉर्कच्या 'स्टुडिओ ५४' या प्रसिद्ध नाचघरात धंदेवाईक ओळखी वाढवण्यासाठी मेळावे भरवू लागला: मंद शास्त्रीय संगीत, हातात पेला, खिशात व्हिजिटिंग कार्डांची चवड. मार्च १९८३ मध्ये बॉब ग्रीन या स्तंभलेखकाने त्यावर लिहिलं. रूबिन यिप्पींचा पुढारी होता तो आता यप्पींचा झाला, असा टोमणा त्याने तिथल्याच लोकांच्या तोंडून ऐकला होता. 'यिप्पी ते यप्पी' असंच त्या लेखाला शीर्षक मिळालं. ग्रीनचा स्तंभ देशभरातल्या अनेक वृत्तपत्रांत एकाच वेळी छापला जाई, त्यामुळे एका शहरातली थट्टा देशभर झाली.

माझ्या दृष्टीने शब्दाचं नशीब इथे बदललं. शिकागोतल्या लेखात यप्पी आईबापांविरुद्ध बंड करत होता. ग्रीनच्या लेखानंतर तो स्वतःच्याच तारुण्याशी फितूर झालेला माणूस ठरला. एका स्वराच्या फरकात साठच्या दशकाचा सगळा हिशेब मांडला गेला. अशी सोय क्वचित कुठल्या शब्दाला मिळते. रूबिन आणि हॉफमन यांनीही ती वाया जाऊ दिली नाही. पुढे दोघं मिळून 'यिप्पी विरुद्ध यप्पी' असे जाहीर वादविवाद करत कॉलेजांतून फिरले.

१९८४ हे शब्दाच्या कळसाचं वर्ष. जानेवारीत मरिसा पीझमन आणि मेरिली हार्टली यांचं 'द यप्पी हँडबुक' हे विनोदी पुस्तक आलं. यप्पी काय घालतो, काय खातो, कुठे राहतो याची ती नकली मार्गदर्शिका. रोलेक्स घड्याळ, बर्बेरी कोट, कानाला वॉकमन, पिशवीत ताजा पास्ता, आणि बाईच्या सूटखाली पळण्याचे बूट. ही बुटांची गंमत खरी होती. एप्रिल १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वेचा अकरा दिवस संप झाला, तेव्हा ऑफिसला चालत जाणाऱ्या बायकांनी पर्समध्ये टाचांचे बूट आणि पायात पळण्याचे बूट अशी युक्ती काढली. संप मिटला तरी बूट राहिले.

मग त्याच वर्षीची अध्यक्षपदाची निवडणूक. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी कोलोरॅडोचे सेनेटर गॅरी हार्ट उभे होते. 'नव्या कल्पनां'ची भाषा, कामगार संघटनांशी अंतर, सामाजिक प्रश्नांवर उदार पण सरकारी खर्चाबाबत हात आखडता. फेब्रुवारीत त्यांनी न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पक्षांतर्गत मतदानात आघाडीचे उमेदवार वॉल्टर मॉन्डेल यांना धक्का दिला आणि यांना मतं देतं कोण, याचं उत्तर शोधताना राजकीय बातमीदारांना तयार शब्द सापडला. उमेदवारी शेवटी मॉन्डेलना मिळाली, रेगननी त्यांना ४९ राज्यांत हरवलं, हार्ट मागे पडले. शब्द मात्र तगला. वर्षाखेरीस 'न्यूजवीक'ने १९८४ हे यप्पींचं वर्ष म्हणून मुखपृष्ठावर जाहीर केलं.

आकडा बघितला तर मात्र हसू येतं. पंचवीस ते एकोणचाळीस वयाचे, वर्षाला ४०,००० डॉलरहून जास्त मिळवणारे आणि व्यावसायिक किंवा व्यवस्थापकीय काम करणारे लोक १९८३ मध्ये अमेरिकेत साधारण ४० लाख होते, आणि त्यांपैकी शहरांत राहणारे १२ लाखांच्या आसपास. ती पिढीच साडेसात कोटींची. एवढ्या मूठभर लोकांवर इतकी शाई का खर्ची पडली? एक कारण उघड आहे: जाहिरातदारांना नेमकं हेच गिऱ्हाईक हवं होतं. दुसरं थोडं खासगीतलं: मासिकांच्या कचेऱ्यांत बसून यप्पींवर लिहिणारी मंडळी स्वतः काही फार वेगळी नव्हती.

पैसा कुठून आला हेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं नुसतं कपड्यालत्त्यांचं वर्णन वाटेल. रेगन यांच्या काळात केंद्रीय आयकराचा सर्वोच्च दर १९८१ च्या कायद्याने ७० वरून ५० टक्क्यांवर आला आणि १९८६ च्या कायद्याने २८ टक्क्यांपर्यंत खाली गेला. १९८२ च्या ऑगस्टपासून शेअर बाजार चढत गेला आणि पाच वर्षांत डाऊ जोन्स निर्देशांक तिपटीहून जास्त झाला. नव्याने एमबीए झालेल्या पोराला पहिल्याच नोकरीत बापाच्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराएवढं मिळू लागलं की घरात आणि दारात बोलणी होणारच.

ब्रिटनमध्ये शब्द गेला आणि त्याचा पोत बदलला. तिथे २७ ऑक्टोबर १९८६ ला लंडनच्या शेअर बाजाराचे जुने निर्बंध एका दिवसात उठले. त्याला 'बिग बँग' म्हणतात. परदेशी बँका आल्या, पगार फुगले, टेम्सकाठच्या ओसाड गोद्यांच्या जागी महागडी घरं उभी राहू लागली. अमेरिकन यप्पी हा पदवीवाला. लंडनच्या यप्पीला पदवी असलीच पाहिजे असं नव्हतं. कामगार वस्तीतून आलेला, मोठ्या आवाजात सौदे करणारा पोरगाही विटेएवढा मोबाइल आणि फायलोफॅक्सची डायरी घेऊन यप्पी होऊ शकत होता. त्यामुळे तिथल्या टोमण्यात वर्गद्वेष दोन्ही बाजूंनी भरला. खालचे म्हणत हा आपला राहिला नाही, वरचे म्हणत हा आपला कधी नव्हताच.

हसण्याचं रूपांतर रागात झालं ते घरभाड्यामुळे. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्क नावाची बाग आहे. ऑगस्ट १९८८ मध्ये रात्री बाग बंद करण्याच्या हुकमावरून तिथे पोलीस आणि लोक यांच्यात रात्रभर धुमश्चक्री झाली. जमावाने शेजारच्या 'क्रिस्टोडोरा हाउस' या इमारतीवर मोर्चा वळवला. ही इमारत एकेकाळी गरिबांसाठीचं सेवाकेंद्र होती, तिचे आता महागडे फ्लॅट झाले होते. तेव्हाची घोषणा होती, 'यप्पी किड्यांनो, मरा'. ती न्यूयॉर्कच्या भिंतींवर पुढेही बराच काळ दिसत राहिली. आठ वर्षांपूर्वी घरबांधणीच्या आकड्यांशेजारी आलेला तो बापुडा शब्द आता शिवी होता.

मधल्या काळात, १९ ऑक्टोबर १९८७ च्या सोमवारी, डाऊ जोन्स एका दिवसात ५०८ अंकांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी कोसळला. यप्पी मेला, असं लगेच लिहिलं गेलं. १९९१ मध्ये 'टाइम'ने तर त्याचा खोटा मृत्युलेखही छापला. प्रत्यक्षात राहणीमान मेलं नाही, फक्त शब्द शिळा झाला. डब्यातली कॉफी जाऊन ताजी दळलेली आली, व्यायामशाळेचं वार्षिक शुल्क, पाण्याची बाटली, दोघांनी कमवायचं आणि मूल उशिरा, हे सगळं इतकं सर्वसाधारण झालं की त्यासाठी वेगळ्या नावाची गरज उरली नाही.

शब्दाची पिल्लावळ बरीच आहे. कृष्णवर्णीय यप्पी तो 'बप्पी', समलिंगी तो 'गप्पी'. मूल नसलेलं कमावतं जोडपं म्हणजे 'डिंक', हा आपल्याकडेही लग्नाच्या गप्पांत ऐकू येतो. यातलं एक अपत्य मात्र ओंगळ आहे. महिनोन्महिने न सुटणाऱ्या थकव्याच्या आजाराला वृत्तपत्रांनी 'यप्पी फ्लू' म्हणायला सुरुवात केली, जणू हा श्रीमंत, महत्त्वाकांक्षी माणसांचा नखरा आहे. १९८८ मध्ये अमेरिकी आरोग्य यंत्रणेने त्याची व्याख्या ठरवून 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' हे नाव दिलं, तरी टोपणनाव रुग्णांचा पिच्छा पुरवतच राहिलं. भाषांतरात ते आलं तर मूळ शब्द ठेवून त्यातला कुचकेपणा वाक्यात दाखवा. नुसतं 'यप्पी ताप' लिहिलंत तर वाचकाला ते खरंखुरं रोगनाम वाटेल.

आता आपल्याकडचा प्रश्न. हिंजवडीत काम करणारा, वाकडला टू-बीएचके घेतलेला, हप्ते भरणारा, शनिवारी गावाकडून आईबाबा येणार म्हणून भाजी निवडून ठेवणारा अभियंता यप्पी आहे का? पगार आणि पेशा बघता हो. पण बाकी सगळं उलटं आहे. तो शहराच्या पोटातून बाहेर, कुंपणाच्या, पोहण्याच्या तलावाच्या, शाळेच्या बसच्या संकुलात गेला आहे, म्हणजे जिथून यप्पी पळाला होता साधारण तिथेच. आणि त्याच्या पगारावर त्याच्याखेरीज आणखी चार माणसांचा हक्क असतो. त्याला 'आयटीवाला' म्हणणं पुरेसं आहे. त्या शब्दात आपला स्वतःचा टोमणा आधीच भरलेला आहे, आणि पुण्यातल्या घरमालकांना तो नीट वापरता येतो.

मूळ अर्थाच्या जवळ जाणारी जागा शोधायची तर मी मुंबईच्या गिरणगावाकडे बोट दाखवेन. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत, १९९१ च्या विकास नियमांनी त्यांच्या जमिनी विकसित करायला वाट दिली. लोअर परळच्या आवारांत कचेऱ्या, मद्यालयं, मॉल आणि मनोरे आले. चाळीच्या गॅलरीतून समोरच्या काचेच्या इमारतीत रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे बघणाऱ्या माणसाला यप्पी हा शब्द माहीत असण्याची गरज नाही. टॉम्पकिन्स स्क्वेअरमधल्या लोकांना काय म्हणायचं होतं ते त्याला न सांगता कळेल.

भाषांतर करणाऱ्यांसाठी शेवटचं. 'नवश्रीमंत' वापरू नका. नवश्रीमंताला शिक्षण आणि नोकरी लागत नाही. 'उच्चभ्रू' म्हणजे पिढीजात थाट, आणि यप्पीकडे नेमका तोच नसतो. 'पांढरपेशा' पेशाच्या बाबतीत जवळचा आहे, पण त्याला काटकसरीचा, धुवट कपड्यांचा वास आहे. मी सरळ 'यप्पी' ठेवतो आणि पहिल्या वेळी वाक्यातच एखादा तपशील घालतो, घड्याळाचा किंवा भाड्याचा. मजकूर १९८३ च्या आधीचा असेल तर सूर साधा ठेवतो, नंतरचा असेल तर थोडा तिरका. अनेकवचन मराठीत 'यप्पी'च राहतं. 'यप्पीज' लिहायची गरज नाही, हिप्पींचं आपण कुठे 'हिप्पीज' करतो?